दोन दिवस, एक रात्र

मुलांनी काय काय करायला हवं, याची यादी करण्यात मोठ्या माणसांना जो आनंद मिळतो, तो त्यातलं एखादं काम स्वतः करताना मिळालेला मी पाहिला नाही. मराठवाड्यातल्या आमच्या धर्माबादला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीसमोर सकाळी निवृत्तांची बैठक भरते. विषय ठरलेले असतात. आधी गोदावरीचं पाणी, मग मिरचीचा भाव, आणि दुसरा चहा आला की 'आजकालची पोरं'. आजकालची पोरं चालत नाहीत. आपणहून पुढं होत नाहीत. काही लक्षात ठेवत नाहीत. हाताला कसब नाही, मनाला आवर नाही, अन् शेजारी कुणी पडलं तरी आधी फोटो काढतील. ही यादी आम्ही बरीच वर्षं आमच्या मालकीची समजत होतो. पुढे कळलं, की कुर्ट हान नावाच्या एका जर्मन हेडमास्तरांनी ती आमच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे. शरीराची ताकद, पुढाकार, स्मरण आणि कल्पनाशक्ती, कसब, आत्मसंयम आणि करुणा अशा सहा गोष्टी तरुणांतून उतरणीला लागल्या आहेत, असं ते सांगत. आणि सांगत होते ते ज्या पोरांबद्दल, ती आमच्या वडिलांच्या वयाची! ज्यांच्या चालण्याचे, पाठांतराचे आणि शिस्तीचे दाखले देऊन आम्ही नातवंडांना झोडपतो, ती पिढी हानसाहेबांच्या हिशेबात आधीच वाया गेलेली होती.

आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की यादी झाल्यावर ते चहाला थांबले नाहीत. हिटलरविरुद्ध तोंड उघडल्याबद्दल १९३३ साली त्यांना तुरुंगात टाकलं. सुटून ते इंग्लंडला आले आणि पुढच्या वर्षी स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन नावाची शाळा काढली. तिथल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत फिलिप नावाचा एक ग्रीक राजपुत्र होता. हाच पुढे एलिझाबेथ राणीचा नवरा आणि एडिंबराचा ड्यूक झाला. जुने हेडमास्तर विद्यार्थ्याचा पिच्छा सोडत नाहीत, मग तो राजवाड्यात राहायला गेलेला का असेना. हानसाहेबांनी टुमणं लावलं आणि १९५६ साली 'ड्यूक ऑफ एडिंबराज ॲवॉर्ड' सुरू झालं.

ते चालवायला पहिला माणूस निवडला तो जॉन हंट. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे हे नेते. तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, त्यांचे फोटो जगभर गेले, आणि हंट मात्र वरच्या तळाच्या वाटेवर ओझी पोचवून मागे फिरले होते. दुसऱ्याला वर धाडून आपण खाली वाट बघत बसायचं, हे ज्याला जमलं तो माणूस मुलांच्या कामावर नेमला, यात मला मोठं शहाणपण दिसतं. आमच्याकडे असली नेमणूक करायची तर आधी शिखरावर गेलेला माणूस शोधतील. मग तो जन्मभर मुलांना शिखरावरच्या गोष्टी सांगत बसेल.

योजना तशी सोपी आहे. वय चौदा ते चोवीस. चार खाती : स्वयंसेवा, एखादं कौशल्य, शरीराला व्यायाम आणि मोहीम. ब्रॉन्झ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पायऱ्या. गोल्डला यांशिवाय घराबाहेर, अनोळखी लोकांत राहण्याचं आणखी एक खातं. जगातल्या शंभराहून जास्त देशांत ही योजना पसरली आहे. भारतात ती 'इंटरनॅशनल ॲवॉर्ड फॉर यंग पीपल' या नावाने चालते, पण मुख्यतः मोठ्या शहरांतल्या खासगी शाळांत. धर्माबादला ती आली ती आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

माझी भाची इंग्लंडात रेडिंगला असते. तिचा मुलगा मला मामाआजोबा म्हणतो. त्याने ब्रॉन्झला नाव घातलं आणि आमच्या ग्रुपवर रोज एक नवीन कोडं येऊ लागलं. स्वयंसेवेसाठी तो आठवड्यातून एक तास एका धर्मादाय दुकानात जायचा. लोक तिथे जुने कपडे, जुनी पुस्तकं फुकट आणून देतात, दुकान ती विकतं आणि पैसा सत्कार्याला जातो. पोरगं पुस्तकं लावून ठेवी. माझी बहीण, म्हणजे त्याची आजी, इथे धर्माबादेत कपाळाला हात लावून बसली.

"दुकानात बसू लालाय, अन् पगार नाही?"

"धर्मादाय आहे ते, अक्का."

"मग मालक कोण हाय? अन् जुने कपडे फुकट कामून देऊ लालेत लोक? आपल्याकडं तीन साड्यांवर पातेलं येतंय."

भांडेवालीचं अर्थशास्त्र पक्कं असलेल्या बाईला इंग्लंडचं धर्मादाय दुकान पटवून देणं माझ्या शक्तीबाहेरचं होतं. मी विषय कौशल्याकडे वळवला.

तिथे तर आणखी गंमत. कौशल्य म्हणून त्याने स्वयंपाक निवडला, आणि शिकवायला आजीलाच घेतलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. अक्काचा चेहरा अर्ध्या स्क्रीनवर, उरलेल्या अर्ध्यावर परात. भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन तुकडे होत. त्याला ती 'चालंल' म्हणायची, आणि हेच तिच्या सुनेने केलं असतं तर काय म्हणाली असती ते सगळ्या घराला माहीत होतं. तीन महिने झाले. आता कागदावर सही. नियम असा, की तपासणारा माणूस घरचा नको. मग शेजारच्या एका म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंना बोलावलं. त्यांनी पिठलं चाखलं, हे सूप आहे की चटणी एवढी चौकशी केली, आणि चांगला शेरा मारून सही केली.

"जन्मभर भाकरी थापली मी," अक्का म्हणाली, "अन् सही त्या बाईची?"

मला मात्र तो नियम फार आवडला. पोराच्या भाकरीला आजी 'वा' म्हणणार, हे पोराला आधीच ठाऊक असतं. त्या 'वा'ची किंमत तो मनातल्या मनात शून्य धरतो. परक्या बाईने पाणी पीत पीत का होईना, ताट संपवलं, ही निराळी मिळकत आहे. आपल्याकडे पोराच्या कामाकडे दोनच जण बघतात. घरचे, म्हणजे कौतुक; किंवा परीक्षक, म्हणजे मार्क. 'या आठवड्यात काय केलंस रे?' असं सहज विचारणारं, नात्याचं नाही आणि मार्कांचंही नाही, असं माणूस चौदाव्या वर्षी किती जणांना मिळतं?

ग्रुपवर अर्थात दुसराच सूर लागला होता. 'आपली पोरं हे रोजच करतात, त्यांना मेडल कोण देतं?' पुढे हसण्याच्या चार बाहुल्या. हा सूर ऐकायला गोड आहे आणि अर्धा खराही आहे. धर्माबाद तालुक्यातली शेतकऱ्याघरची आठवीतली मुलगी सकाळी पाणी भरते, भाऊ सांभाळते, भाकरी टाकते आणि शाळेत येते. मिरचीच्या तोडणीला सुट्टी काढून जाते. स्वयंसेवा, कौशल्य आणि व्यायाम ही तिन्ही खाती तिची घरातून निघायच्या आधीच भरलेली. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. रेडिंगच्या पोराने पुस्तकाचं दुकान निवडलं, कंटाळा आला असता तर पुढच्या खेपेला कुत्री फिरवायचं काम निवडलं असतं. या मुलीने काय निवडलं? तिच्या पाणी भरण्यावर पदक लावून मोकळं होणाऱ्यांत मी नाही. तिला आठवड्यातला एक तास स्वतःच्या मनाने घालवायला मिळाला, तर ती तो कशात घालवेल, हे तिला स्वतःला तरी माहीत आहे का, याची मला जास्त उत्सुकता आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे काहीच नाही असं कसं म्हणता? नाही म्हणतच नाही. आपल्याकडे स्काउट आहे. बेडन-पॉवेलसाहेबांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेऊन जे सुरू केलं, त्याच्या भारतातल्या वेगवेगळ्या चुली ७ नोव्हेंबर १९५० रोजी एक झाल्या आणि 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. सेवा, कसब, शरीर, रानातला मुक्काम, सगळं त्यात आहे. ड्यूकसाहेबांच्या कितीतरी आधी आहे.

मी शिकवत होतो त्या शाळेत स्काउट कुणाच्या गळ्यात मारायचं, हा प्रश्न दर जूनला निघायचा आणि शिक्षकखोलीतल्या सगळ्या नजरा नव्याने रुजू झालेल्याकडे वळायच्या. मी रुजू झालो तेव्हा माझ्याकडे वळल्या. खाकी पोशाख आणि गळ्यात स्कार्फ घालून चौकातून जायला माणूस लाजतो. लाजणाऱ्या सहकाऱ्यांना मी नागपूरच्या व्हिव्हियन बोस यांचं नाव सांगायचो. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झालेला हा माणूस भारत स्काउट्सचा राष्ट्रीय आयुक्त होता. त्यावर एक सहकारी म्हणाले, "त्यांना धर्माबादच्या बाजारातून जावं लागत नव्हतं, सर." याला उत्तर नव्हतं.

स्काउटमधला आमचा सर्वांत लाडका कार्यक्रम म्हणजे खरी कमाई. मुलांनी शाळेत खाऊचे स्टॉल लावायचे, कष्टाने पैसे मिळवायचे. सुशीला, भेळ, मिरची भजी, गुळाचा चहा. मैदानावर असा वास सुटे की गणिताचे सर तास सोडून येत. कमाई कुणाची, हा प्रश्न विचारायचा नसतो. चुरमुरे आईने भिजवलेले, फोडणी आईची, तेल घरचं, गॅस घरचा, आणि पोरगा रुमाल बांधून मागे बसलेला. खर्चाच्या रकान्यात तो कागदी प्लेटांचे पैसे लिहायचा. बाकी सगळा नफा. या हिशेबाने धंदा केला तर मिरचीचे अडते दोन वर्षांत टाटा होतील. एका अडत्याचाच मुलगा निराळा निघाला. त्याने स्वतः काहीच आणलं नाही. दुपार टळल्यावर सगळ्या स्टॉलांवरचा उरलेला माल त्याने पडत्या भावात उचलला आणि शाळा सुटताना घ्यायला आलेल्या पालकांना पूर्ण भावाने विकला. नियमांच्या पुस्तकात याला काय म्हणायचं ते मला सापडलं नाही. मी त्याला पहिला नंबर दिला. शिक्षकखोलीत त्यावर दोन दिवस वाद चालला.

दुसरा कार्यक्रम बिनभांड्याचा स्वयंपाक. तवा नाही, पातेलं नाही, पळी नाही. पळसाच्या पानावर कणीक मळायची, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, निखाऱ्यात वांगी आणि बटाटे पुरायचे. इथे मात्र आईची फोडणी कामाला येत नाही, म्हणून मला हा प्रकार फार आवडे. घरी कधी चूल न पेटवलेली मुलं डोळ्यांत धूर घेऊन फुंकत बसत आणि शेवटी बाहेरून कोळसा, आतून कच्चा असा जो रोडगा निघे, तो अशा चवीने खात की विचारू नका. पण त्या दिवशी पालक बघायला येत. गोल करून उभे राहत. सुरुवातीला हसत, मग सूचना देत, आणि दहा मिनिटांत कुठल्या तरी आईचा हात कडं मोडून आत येई आणि रोडगा उलटा करी. मी शिट्टी वाजवायचो. तिचा उपयोग होत नसे.

मग लॉगबुक. केलेलं काम लिहून ठेवायची वही ती. आमच्याकडे ती सुवाच्य अक्षराची परीक्षा झाली. वर्गात ज्या मुलीचं अक्षर मोत्यासारखं, तिच्याकडे सगळ्या पथकाच्या वह्या. समासाला वेलबुट्टी, प्रत्येक पानावर चिकटवलेला फोटो, आणि फोटोत कामापेक्षा मोठा फलक. नाला साफ करताना फलक धरायला चौघे, नाला साफ करायला दोघे. यात मुलांचा दोष नाही. वही वर जाते, वरचे फोटो बघतात, आणि फोटोत नाला ओळखू येत नाही.

आणि हे सगळं शेवटी दहावीच्या वाढीव गुणांपाशी येऊन उभं राहतं. पालकसभेत माझ्यासमोर पहिला प्रश्न हाच यायचा : "सर, याचा फायदा काय?" चित्रकलेची इंटरमिजिएट कशाला, तर गुण मिळतात. टायपिंग कशाला, तर अर्जात लागतं. पहाटे उमरीच्या आणि कुंडलवाडीच्या रस्त्याने पळणारी पोरं बघा. छाती भरून यावी असं दृश्य असतं, थंडीत, अंधारात, ओळीने. पोलिस भरतीला मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं आणि मुलींना आठशे. म्हणून ती पळतात. भरती निघाली की रस्ता गजबजतो, निकाल लागला की ओस पडतो. पास झालेलाही पळत नाही, नापास झालेलाही नाही. मराठवाड्यात व्यायामाला नोकरीचा अर्ज जोडलेला आहे, आणि ज्या भागात पावसावर भरवसा नाही तिथे लोकांनी हे केलं तर त्यांना हसायचा अधिकार मला नाही.

तिकडचे लोक काही संत नाहीत. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड त्यांची मुलंही कॉलेजच्या अर्जात ठळक अक्षरांत लिहितात. गोल्ड मिळालेल्यांचं कौतुक राजवाड्यात होतं. आमच्या राष्ट्रपती पुरस्काराचंही राष्ट्रपती भवनात होतं. तेव्हा पहिल्या तीन खात्यांत आपण त्यांच्यापेक्षा फार मागे आहोत असं मला वाटत नाही. फलक मोठा असेल, कमाई आईची असेल, पण काहीतरी घडतं. कॉलेजात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजना आहेच. गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली ही योजना मुलांना सात दिवस खेड्यात नेऊन ठेवते, आणि त्या सात दिवसांत कित्येकांची लग्नंही ठरतात. तीही एक सेवाच.

आपण अडतो ते चौथ्या खात्यापाशी.

मोहिमेचा नियम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. गटात कमीत कमी चार, जास्तीत जास्त सात मुलं. ब्रॉन्झला दोन दिवस आणि एक रात्र. दिवसाला निदान सहा तास चालणं आणि ठरवलेलं काम. नकाशा त्यांनीच वाचायचा, तंबू त्यांनीच वाहायचा, त्यांनीच ठोकायचा, अन्न त्यांनीच शिजवायचं. इंजिनाचं वाहन नाही. आणि सोबत मोठं माणूस नाही. देखरेख करणारे असतात, पण लांबून; ठरल्या जागी मुलं पोचली की नाही एवढं बघतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. आधी शिकवणी असते, सरावाची एक मोहीम असते, रस्ता कागदावर लिहून द्यावा लागतो. म्हणजे पोरांना वाऱ्यावर सोडलेलं नसतं. पण रात्री तंबूबाहेर काही वाजलं, तर ते काय आहे हे बघायला त्यांच्यातलाच एक जण उठणार.

रेडिंगचं पोरगं गेलं. पाऊस लागला, रस्ता चुकला, एका मेंढ्यांच्या कुरणात तासभर गोल फिरून पुन्हा त्याच फाटकाशी आलं. तंबूत पाणी शिरलं. भाची रात्रभर जागी होती. दोन दिवसांनी पोरगं घरी आलं आणि न बोलता सोळा तास झोपलं. उठल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती कुरणाची. दुकानाबद्दल, भाकरीबद्दल, व्यायामासाठी घेतलेल्या बॅडमिंटनबद्दल विचारावं तर एका वाक्यात उत्तर. कुरणाची गोष्ट मात्र आता दर फोनला येते, आणि दर वेळी मेंढ्या वाढलेल्या असतात.

असं कुरण धर्माबादच्या मुलाला कुठून मिळावं? डोंगर म्हणाल तर आमच्या तालुक्यात उंच असं काही नाही. सपाट काळी जमीन, पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिखल. किल्ला बघायचा तर कंधार गाठावं लागतं. पण गोदावरी आहे, आणि राज्याची हद्द आहे. पलीकडे तेलंगणात बासर, सरस्वतीचं गाव; इकडच्या अर्ध्या लेकरांचा पाटीवरचा पहिला श्री तिथे आईबापांच्या मांडीवर काढलेला असतो. रेल्वेने गेलं तर पुस्तक उघडेपर्यंत बासर येतं. तिथे चालत जाणारे लोक आमच्या लहानपणी आम्ही पाहिलेत. आता शाळेची सहल एसटी करून जाते, दर्शन घेते, फोटो काढते, आणि संध्याकाळी पालक फाटकाशी उभे. मुलं किती लांब गेली ते किलोमीटरमध्ये सांगता येतं. पण दिवसभर त्यांना एकदाही कुठं वळायचं ते ठरवावं लागलेलं नसतं.

आमच्या भागातली अलीकडची सर्वांत गाजलेली मोहीम राजकीय होती. जुलै २०१० मध्ये आंध्रचे चंद्राबाबू नायडू आमदार-खासदारांचा जथा घेऊन गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा बघायला निघाले. दोन राज्यांतला पाण्याचा वाद पेटलेला होता. हद्दीवर आमच्या पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं. काही दिवस देशातल्या सगळ्या टीव्हींवर धर्माबाद दिसत होतं. ड्यूकसाहेबांच्या नियमांत ही मोहीम बसली नसती. गटात सातांहून जास्त माणसं, प्रवास मोटारीने, आणि बंदोबस्त तर विचारूच नका. मुक्काम तेवढा मोजला असता. पुढे २८ फेब्रुवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आणि आता १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे चौदाही दरवाजे उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर ते खाली येतात.

हे मी उगाच सांगत नाही. दरवाजे खाली येतात त्या सुमारास दिवाळी झालेली असते, चिखल वाळलेला असतो, तूर फुलात असते, थंडी नुकती लागलेली. आमच्या भागात पायी निघायला याहून चांगले दिवस नाहीत. धर्माबादहून शेतरस्त्याने बाभळीकडे जावं, एखाद्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात तंबू ठोकावा, सकाळी दुसऱ्या वाटेने परतावं. नदी लांबून बघावी, पाण्यात उतरू नये. मोहिमेला एक उद्देश लागतो, तो तर आमच्याकडे पायांखाली आहे. या पट्ट्यात मराठी कुठे संपते आणि तेलुगू कुठे सुरू होते? वाटेतल्या म्हाताऱ्यांना विचारा, की बाजारात कुठली भाषा बोलता, देवाशी कुठली बोलता आणि भांडताना कुठली. जे उत्तर येईल ते कुठल्याही लॉगबुकात आधी लिहिलेलं नसेल, आणि मोत्यासारखं अक्षर असलेल्या मुलीला ते घरबसल्या लिहून देता येणार नाही.

पालकांची भीती खोटी नाही. रस्त्याने मिरचीचे आणि उसाचे ट्रक धावतात. शेतात जनावर असतं. मुलींच्या बाबतीत तर आईबापांच्या पोटात जो गोळा येतो, त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? पण ही भीती बाजूला ठेवा असं हंटसाहेबांच्या योजनेतही कुणी सांगत नाही. ती सोबत घेऊन लांब उभं राहायचं असतं. गावचे सरपंच, पोलिस पाटील, तिथल्या शाळेच्या मॅडम यांना आधी कळवता येतं. मुलींच्या गटासाठी मुक्कामाच्या गावात एखादं ओळखीचं घर हाकेच्या अंतरावर ठेवता येतं. आमच्याकडे गावात चार मुलं पिशव्या घेऊन शिरली की पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळतं, कुणाची ती, कुठली ती, जेवली की नाही. इंग्लंडच्या डोंगरात हे मिळत नाही. उलट आमच्या मुलांना शिजवून खायचं असेल, तर गावच्या बायकांना आधीच बजावून ठेवावं लागेल, की बाई, आज यांना भाकरी देऊ नका.

तेव्हा धर्माबादच्या शाळांना माझी विनंती आहे. राज्य पुरस्कार चालू द्या, खरी कमाई चालू द्या, फलकही असू द्या. पण येत्या नोव्हेंबरात आठवी-नववीतल्या पाच पोरांना आणि वेगळ्या वाटेने पाच पोरींना नकाशा देऊन दोन दिवसांसाठी पाठवा. स्काउटच्या सरांनी आणि गाइडच्या मॅडमनी ठरल्या जागी थांबावं, शिट्टी खिशात ठेवावी. आयांनी रात्री फोन करू नये. आणि बापांनी 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत मोटारसायकल काढून त्या रस्त्याला जाऊ नये. त्या रस्त्याने सहज कुणी जात नाही, हे पोरांना पक्कं माहीत असतं.